लेकीबाळींची डॉक्टर : रखमाबाई

आपल्या भूम तालुक्यात म्हैस व्यायला आली की घरचा एक माणूस गोठ्यात झोपतो. रेतन कधी केलं ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरावर खूण करून ठेवलेली असते. म्हशीचे ३१० दिवस, गायीचे २८०, शेळीचे १५०, हा हिशेब कुणाला शिकवावा लागत नाही. वासरू आडवं आलं तर रात्री बारा वाजता मोटारसायकल काढून जनावरांच्या डॉक्टरांना उठवून आणलं जातं. त्यात काही वावगं नाही. खव्याच्या भट्टीवर ज्या तालुक्यातले कितीतरी संसार चालतात, तिथं म्हैस ही घरची लक्ष्मीच.

पण त्याच घरात सून दिवसात असेल तर तिची तारीख किती जणांना माहीत असते? बहुधा तिला आणि सासूबाईंना. खरं तर बाईचा हिशेबही गायीसारखाच, शेवटच्या पाळीपासून २८० दिवसांचा. तरी डॉक्टर कोण, दवाखाना कुठला, गाडी कुणाची, हे सगळं ठरतं कळा सुरू झाल्यावर. मग एक जण म्हणतो भूमला न्या, दुसरा म्हणतो थेट बार्शीला न्या, तिसऱ्याला धाराशिव बरं वाटतं. आणि सगळ्यांचं बोलून झालं की दाराआडून कुणीतरी बाई हळूच विचारते, तिथं बाईडॉक्टर आहे का.

हा प्रश्न आजचा नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी तो सगळ्या हिंदुस्थानात विचारला जात होता, आणि त्याला उत्तर नव्हतं. पुरुष डॉक्टरला दाखवायचं नाही आणि बाईडॉक्टर नाही, म्हणून बाया घरात अडून मरत होत्या. अशा वेळी मराठी मुलखातल्या दोन मुली डॉक्टर झाल्या. पहिल्या आनंदीबाई जोशी. त्यांचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. १८८६ साली अमेरिकेत पदवी घेतली, कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात बायकांच्या विभागावर नेमणूक झाली, पण काम हाती घेण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या वारल्या. वय पुरतं बावीसही नव्हतं. दुसऱ्या रखमाबाई. यांनी मात्र पस्तीस वर्षं बायकांचा दवाखाना चालवला, आणि तरीही त्यांचं नाव खेड्यापाड्यात फारसं पोचलेलं नाही. २०१६ साली त्यांच्यावर मराठी चित्रपट निघाला, तो तरी आपल्याकडे किती जणांनी पाहिला कोण जाणे. म्हणून आज त्यांची हकिकत सांगतो.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईचा. जात सुतार. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. मूल अगदी लहान असताना वडील वारले. तेव्हा जयंतीबाईंचं वय सतरा. म्हणजे आजच्या हिशेबाने बारावीला बसायच्या वयात पदरी लेक आणि कपाळ मोकळं. सुतार समाजात विधवेने पुन्हा लग्न करायला रूढीची आडकाठी नव्हती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन या विधुर गृहस्थांशी लग्न केलं. लग्नाआधी त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. पहिल्या नवऱ्याची जी मालमत्ता होती ती मुलीच्या नावावर करून दिली. ही मालमत्ता पुढे गोष्टीत येणार आहे, लक्षात ठेवा.

सखाराम अर्जुन हा माणूस आम्हा शेतीखात्यातल्या लोकांना जवळचा वाटावा असा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायचे आणि झाडपाल्याचे मोठे जाणकार. मुंबईकडच्या औषधी द्रव्यांची त्यांनी केलेली यादी १८७९ साली पुस्तकरूपाने निघाली. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था आठ जणांनी मिळून काढली, त्यात दोनच हिंदी होते, त्यातले एक हे. सावत्र बाप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे येतं त्याच्या अगदी उलट. या बापाने मुलीला पुस्तकांची गोडी लावली.

तरीही काळ तो काळच. अकरा वर्षांची असताना रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजी नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाशी लावलं. नात्यातलाच मुलगा, आईवेगळा. ठराव असा झाला की त्याने घरजावई म्हणून राहायचं, खर्च सासऱ्याने करायचा आणि शिकून माणूस व्हायचं. पुढे सहा-सात महिन्यांत मुलगी न्हाती झाली. त्या वेळच्या रीतीप्रमाणे लगेच गर्भाधानाचा विधी व्हायचा. सखाराम अर्जुन डॉक्टर होते. कोवळ्या अंगाला बाळंतपण आलं की काय होतं ते त्यांनी पाहिलेलं होतं. त्यांनी स्पष्ट नकार दिला. जावयाला ते पसंत पडलं नाही. शिक्षणातही त्याचं मन रमेना. तो घर सोडून आपल्या मामाकडे, नारायण धुर्माजींकडे, राहायला गेला. तिथं त्याची संगत बिघडली, कर्ज झालं.

इकडे मुलगी घरीच वाचत बसली. मिशनच्या वाचनालयातून पुस्तकं यायची. शाळा सुटली होती पण शिकणं सुटलं नव्हतं. अशी आठ वर्षं गेली. मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलाची नोटीस पाठवली, बायको नांदायला पाठवा. ही नोटीस आपल्या तालुक्यात कुणाला नवीन नाही. भूमच्या कोर्टाच्या आवारात अर्धा तास उभं राहिलं तरी अशी दोन-चार प्रकरणं कानावर येतील. नवं होतं ते उत्तर. रखमाबाईंनी सांगितलं की हे लग्न मला कळत नव्हतं तेव्हा लावलेलं आहे, मी ते मानत नाही, मी जाणार नाही. आणि तिच्या नावावरच्या त्या मालमत्तेवरही समोरच्या बाजूचा डोळा आहे, असं तेव्हा बोललं गेलं.

दावा मुंबईच्या हायकोर्टात चालला. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, जी मुलगी लग्नाच्या वेळी अजाण होती आणि जी कधी नवऱ्याच्या घरी नांदलीच नाही, तिला जबरदस्तीने तिकडे ढकलणं हे न्यायाचं काम नव्हे. या निकालाने मोठी राळ उठली. शास्त्री-पंडित खवळले. टिळकांचा ‘केसरी’ या निकालाच्या विरोधात होता. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक बाजूने होते. याच सुमारास ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये एक हिंदू स्त्री या सहीने बालविवाहाविरुद्ध इंग्रजी पत्रं छापून आली होती. ती रखमाबाईंनीच लिहिलेली होती हे नंतर उघड झालं. त्यांच्या पाठीवर ज्याचा हात होता ते सखाराम अर्जुन मात्र निकाल ऐकायला राहिले नाहीत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते वारले होते.

अपील झालं, दावा पुन्हा उभा राहिला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी उलटा निकाल दिला. नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. बावीस वर्षांची मुलगी. भाऊबंद, जात, वर्तमानपत्रं सगळीकडून माती उडते आहे. तिने कळवलं की मी तुरुंगात जाते.

विचार करा. आपल्याकडे आजही पोरगी माहेरी येऊन राहिली तर चार महिन्यांत गावाला तिचं ओझं होतं. आणि इथं १८८७ साली एक मुलगी खुशाल गजाआड जायला निघाली. विलायतेपर्यंत बोभाटा झाला. शेवटी तुरुंगाची वेळ आली नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन आपला हक्क सोडला.

ग्रामपंचायतीत बसणाऱ्या मंडळींसाठी इथं थोडं थांबतो. या प्रकरणाने जी चर्चा पेटली तिचा एक परिणाम म्हणजे १८९१ चा संमतिवयाचा कायदा. त्याने मुलीचं संमतिवय दहावरून बारावर नेलं. त्यानंतर १९२९ चा सारडा कायदा, मुलीचं लग्नाचं वय चौदा. १९७८ साली अठरा झालं. आणि २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली आपल्या राज्यात गावचा ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी केला गेला, मदतीला अंगणवाडी सेविका. म्हणजे पत्रिका हातात पडली, त्यावर मुलीचं नाव आहे आणि ती अजून दहावीला आहे हे दिसलं, की पहिलं काम तुमचं. जेवणाच्या पंगतीत बसून ते होत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात मुलीला एकटी मागे ठेवायची भीती वाटते, कोयत्याला जोडी लागते, म्हणून कमी वयात लग्न उरकतात, हे मला ठाऊक आहे. कारण खरं आहे. पण सोळाव्या वर्षी अडलेली पोर दवाखान्यात नेताना ते कारण कामाला येत नाही.

तर रखमाबाई सुटल्या. आता पुढे काय? त्या वेळी मुंबईत एडिथ पीची नावाच्या इंग्रज बाईडॉक्टर होत्या. १८८६ साली सुरू झालेल्या कामा रुग्णालयाच्या त्या प्रमुख. या बाईंनाही डॉक्टरी सहज मिळालेली नव्हती. १८६९ साली एडिंबरोला ज्या पहिल्या सात मुलींनी वैद्यकीच्या वर्गात पाय ठेवला त्यातल्या त्या एक. रसायनाच्या परीक्षेत पुढे आल्या तरी बाई म्हणून त्यांची शिष्यवृत्ती नाकारली गेली होती. असं माणूस रखमाबाईंच्या पाठीशी उभं राहिलं. पैसा गोळा झाला. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी पाचशे रुपये दिले. १८८९ साली रखमाबाई लंडनला गेल्या आणि तिथल्या बायकांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या. पाच वर्षं शिकल्या, रॉयल फ्री रुग्णालयात हाताखाली काम केलं, स्कॉटलंडच्या वैद्यकीय मंडळांची परीक्षा दिली आणि १८९४ साली डॉक्टर होऊन परत निघाल्या.

त्या काय शिकून आल्या हे थोडं सविस्तर सांगायला पाहिजे, कारण ते आपल्या घरापर्यंत येतं. बाळंतपणात बाई मरायची ती काही दर वेळी मूल अडल्यामुळे नाही. सुटका नीट व्हायची, मूल रडायचं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाईला हुडहुडी भरून ताप चढायचा. आठवड्यात खेळ आटोपायचा. व्हिएन्ना शहरात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने १८४७ साली दाखवून दिलं की हा ताप डॉक्टरांच्याच न धुतलेल्या हातांतून बाईच्या अंगात जातो. त्याने क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मरणं झपाट्याने कमी झाली. त्याचं त्या वेळी कुणी ऐकलं नाही ही गोष्ट वेगळी. पुढे १८६७ साली लिस्टरने जखमा कार्बॉलिकने स्वच्छ करण्याची रीत मांडली. रखमाबाई शिकत होत्या तोवर ही विद्या पक्की झाली होती. हात, हत्यार, कापड हे तीन निर्जंतुक, आणि मग बाईला हात लावायचा.

आणि आपल्याकडे बाळंतिणीची खोली कशी असायची? घरातली सगळ्यात अंधारी. झरोका चिंध्यांनी बुजवलेला, खाली शेगडी, अंगाखाली जुनं फाटकं, कारण विटाळाचं म्हणून नंतर टाकूनच द्यायचं. नाळ कापायला विळा नाहीतर हाताला लागेल ते, आणि वर शेणाची नाहीतर चुलीतली राख. गोठ्यातल्या शेणात आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, हे आज आपण जाणतो. आठव्या दिवसाच्या आसपास मूल दूध ओढेनासं व्हायचं, जबडा आवळायचा, अंग ताठायचं. लोक म्हणायचे सटवाईने नेलं. माणकेश्वरच्या सटवाईला आपण सगळे जातो, लेकराचं जावळ तिथं काढतो, जावं. पण त्या लेकराला सटवाईने नेलेलं नव्हतं, विळ्याच्या गंजाने आणि शेणाने नेलं होतं. पुढे गरोदर बाईला धनुर्वाताची लस आली, नाळेला निर्जंतुक पातं आलं, आणि २०१५ साली नवजात बाळांच्या धनुर्वाताचं आपल्या देशातून निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. सटवाई माणकेश्वरला होती तिथंच आहे.

परत आलेल्या रखमाबाईंना १८९५ साली सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यावर प्रमुख म्हणून नेमलं. पगारी नोकरी, इमारत, औषधं, सगळं होतं. एकच नव्हतं. बाया नव्हत्या.

ही गोष्ट आम्हाला चांगली कळते. गावात बी-बियाणं आणून ठेवलं, प्रात्यक्षिकाचा प्लॉट आखला, चटई अंथरली, आणि शेतकरी फिरकलाच नाही, असं प्रत्येक विस्तारवाल्याच्या वाट्याला येतं. सुरतेत तर मामला जिवाचा. घरंदाज बाई दवाखान्यात बाळंत होणार ही कल्पनाच लोकांना सहन होत नव्हती. तिथं जातात त्या निराधार, आणि तिथून परत येत नाहीत, अशी समजूत. ही समजूत अगदी खोटीही नव्हती. कारण आणायचे तेच मुळी दोन दिवस घरात अडवून, सुईणीचे सगळे उपाय संपल्यावर. मग बाई दगावली की दोष दवाखान्याचा.

रखमाबाईंनी यावर काय केलं याची एक हकिकत सांगतात. दवाखान्याजवळ एक गाभण शेळी, कोणी म्हणतं मेंढी, व्यायला आलेली होती. बाईंनी ती आत आणवली, दवाखान्यात नीट सोडवली, आणि मायलेकरं धडधाकट आहेत हे लोकांना दाखवलं. दवाखान्यात गेलेलं जिवंत परत येतं, हे दाखवायचं दुसरं साधन त्यांच्याजवळ नव्हतं. हकिकत अक्षरशः अशीच घडली असेल किंवा सांगणाऱ्यांनी तिला थोडं तिखटमीठ लावलं असेल. पण मला ती पटते. आपल्यात जो शेतकरी स्वतःच्या दुखण्याला अंगारा लावतो, तोच म्हशीला सलाइन लावायला कधी नाही म्हणत नाही.

शेळीने दार उघडलं असेल, पण बाया आल्या त्या एका हकिकतीने नव्हे. आल्या त्या बाई तिथंच टिकून राहिल्या म्हणून. बावीस-तेवीस वर्षं एकाच गावात एक डॉक्टर. जिला सोडवलं तिच्या हातात आलेली मुलगी पुढे स्वतः बाळंत व्हायला त्यांच्याकडेच आली असेल, एवढा काळ. आता आपल्या तालुक्याकडे बघा. ग्रामीण भागात स्त्रीरोगतज्ज्ञ येतात, वर्ष-सहा महिने राहतात आणि बदलून जातात किंवा शहरात स्वतःचं रुग्णालय टाकतात. त्यांनाही दोष देऊन भागत नाही. राहायला धड क्वार्टर नाही, पोरांना शाळा हवी, रात्री एकट्या बाईला कॉल आला तर सोबत नाही, आणि काही बरंवाईट झालं की पन्नास माणसं काचा फोडायला तयार. डॉक्टर टिकावा असं वाटत असेल तर गावालाही काहीतरी करावं लागतं. उस्मानाबाद म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा २०१८ साली केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला, तो इतर गोष्टींबरोबर आरोग्याच्या मागासलेपणामुळेच. २०२२ पासून धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, हा त्यातल्या त्यात दिलासा.

डॉक्टर शोधायचा कसा, हेही सांगून टाकतो, कारण हकिकत वाचून कुणी विचारील. बाईडॉक्टर आहे का एवढंच विचारू नका. अडलेल्या बाईचं सीझर करायचं तर तीन गोष्टी एका वेळी एका ठिकाणी लागतात : स्त्रीरोगतज्ज्ञ, भूल देणारा तज्ज्ञ आणि रक्त. आपण जिथं जाणार तिथं या तिन्ही रात्रीच्याही असतात का, हे सातव्या महिन्यातच जाऊन विचारून या. नसतील तर त्या कुठं आहेत हे विचारा, आणि त्या गावाचा रस्ता किती वेळाचा ते स्वतः मोजा. पाटीवर नावापुढे एम.डी., एम.एस., डी.एन.बी. किंवा डी.जी.ओ. आणि ते प्रसूती व स्त्रीरोग या विषयातलं आहे, हे वाचायला शिका. नुसतं डॉक्टर लिहिलेलं म्हणजे बाळंतपणाचा तज्ज्ञ नव्हे. आणि तज्ज्ञ पुरुष असला म्हणून बाईला गाडीतून परत फिरवू नका. गर्भ अवेळी पडू नये म्हणून गर्भाशयाच्या तोंडाला घालायचा जो टाका जगभर शिरोडकर टाका म्हणून शिकवला जातो, तो आपल्या गोव्याकडच्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी शोधला, पुरुषानेच. सोबत घरची बाई आत असावी एवढा आग्रह धरा, तो धरायचा हक्क आहे.

२०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. आशाताई तारीख सांगायला येतात तेव्हा त्यांना उंबऱ्यातूनच वाटेला लावू नका. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सीझर, औषध, रक्त, जेवण, नेण्या-आणण्याची गाडी हे सगळं २०११ च्या योजनेपासून फुकट आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन ११ च्या वर हवं. ७ च्या खाली गेलं तर ती बाई घरी ठेवायची नाही. खुरपणीच्या दिवसांत अंगावर काढू नका. आणि हातापायाला, तोंडाला सूज, डोकं सारखं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावर लाल जाणं, पाणी जाणं, पोटातलं बाळ हलायचं कमी होणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळ व्हायची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा. सासूबाई म्हणतील की आमची पाच झाली घरातच. त्यांची पाच झाली, खरं आहे. ज्यांची झाली नाहीत त्या सांगायला आज नाहीत.

पुन्हा रखमाबाईंकडे येऊ. १९०४ साली दादाजी वारले. तेव्हापासून त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसली, असं त्यांच्याविषयी लिहिलेलं आढळतं. ज्या लग्नाला त्यांनी भर कोर्टात नाकारलं त्याचं हे सुतक का, हा प्रश्न पडतो. मला त्याचं उत्तर देता येत नाही, आणि जिने ते सोसलं तिच्या मनात शिरून अर्थ काढायचा हक्क आपल्याला आहे असंही वाटत नाही. दुसरं लग्न त्यांनी केलं नाही.

१९१७-१८ च्या सुमारास त्यांना सरकारच्या महिला वैद्यकीय सेवेत घेण्याची तयारी दाखवली गेली. मानाची जागा होती. त्यांनी ती नाकारली आणि राजकोटच्या संस्थानी जनाना रुग्णालयात गेल्या. तिथं सुरतेहून अवघड, पडदा अधिक कडक. डॉक्टरला बाई दिसायची ती कापडाआड, नाडी बघायची ती बाहेर काढलेल्या हाताची. १९३० च्या सुमारास निवृत्त होईपर्यंत त्या तिथंच होत्या. पडदा का घालवायला पाहिजे यावर त्यांनी १९२९ साली एक पुस्तिकाही काढली. पस्तीस वर्षं पडद्याआडच्या बाया तपासल्यावर लिहिलेली ती पुस्तिका, घरात बसून सुचलेला तो विचार नव्हता. अंधाऱ्या खोलीत, उन्हावाचून, कोंडलेल्या हवेत बाईची हाडं आणि छाती कशी खराब होते, हे त्यांच्याइतकं कुणी पाहिलं असेल?

निवृत्तीनंतर त्या मुंबईला आल्या आणि पुढची पंचवीस वर्षं तिथंच राहिल्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्या गेल्या. त्याच वर्षी १८ मे रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. त्याने हिंदू बाईला घटस्फोट मागायचा अधिकार दिला, जो रखमाबाईंच्या वेळी कोणत्याच पुस्तकात नव्हता. बायको नांदायला येत नाही म्हणून तिला तुरुंगात घालायची तरतूद तर त्याआधीच, १९२३ साली, काढून टाकली गेली होती. नांदायला पाठवा हा दावा मात्र त्या कायद्यात कलम ९ म्हणून राहिला, आणि भूमच्या कोर्टात आजही तो त्याच कलमाखाली दाखल होतो.